शेवयांच्या डब्यातली नथ

आमच्या घरात डबे फार. गोकुळ रोडवर आमचं छोटं वर्कशॉप आहे, तिथं स्टीलचे डबे बनतात आणि बाजारातल्या आमच्या दुकानात विकले जातात. ज्याला पोचा पडला, ज्याचं झाकण नीट बसेना, तो डबा विकता येत नाही, म्हणून घरी येतो. अशी चाळीसेक वर्षं ते घरी येताहेत. स्वयंपाकघराच्या भिंतीला तीन लांब फळ्या आणि त्यांवर एकाच मापाचे पन्नासेक डबे. लग्न होऊन आले तेव्हा पहिला चहा मी साखरेऐवजी मीठ घालून केला आणि पाहुण्यांनी तो निमूट प्यायला. डब्यांना चिठ्ठ्या लावूया असं मी सुचवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "चिठ्ठी वाचायला चोरालाही येतं की."

सासूबाईंना मी आत्या म्हणते. सांगली-मिरजेकडून हुबळीत येऊन दुकानं थाटलेल्या आमच्यासारख्या घरांत सासूला आत्याच म्हणतात. आत्यांना चिठ्ठीची गरज नव्हती. प्रत्येक डब्याचा पोचा त्यांच्या बोटांना पाठ होता. बुडाशी आत गेलेला तो तुरीचा, कडेला नखाएवढा खळगा असलेला शेवयांचा. आवाजही पाठ. बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत बसलेल्या असायच्या आणि मी लाडवांचं झाकण काढलं की तिथूनच हाक यायची, "दोनच घे गं, जेवायचंय अजून." चिडचिड व्हायची माझी. स्वतःच्या घरात लाडू चोरून खायची सोय नाही म्हणजे काय!

चोराचं बोलणं आत्यांच्या तोंडी सारखं असायचं, कारण घरातलं बहुतेक सगळं सोनं या डब्यांत होतं. बँकेतला लॉकर त्यांना मान्य नव्हता. वर्षभर अंधारात कोंडलं की सोनं रुसतं, असं त्या म्हणायच्या. लोखंडी कपाटात होत्या त्या एक ग्रॅमच्या बांगड्या आणि एक चकचकीत हार, खास चोरासाठी ठेवलेला. "रिकाम्या हातानं गेला तर चिडतो मेला, मोडतोड करतो," हे त्यांचं शास्त्र. खरं सोनं डाळीत, रव्यात, गहू-ज्वारीत. आणि एका जागी दोन महिने नाही. दर अवसेला दुपारी, पुरुषमाणसं कामावर गेली की, आत्या दार लावून जागा पालटायच्या. सोन्याला जागेची सवय लागू द्यायची नाही, हे त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलेलं. नव्या जागा त्या कुणालाही सांगत नसत, मलासुद्धा नाही. "मी आहे तोवर मला ठाऊक असलं म्हणजे झालं."

निगा मात्र मला शिकवली. दसऱ्याच्या आधी चार दिवस रिठे भिजत घालायचे, त्याच्या फेसात पाटल्या आणि चपलाहार बुडवायचे, लहान मुलाच्या दातांच्या ब्रशानं घासायचे, आणि जुन्या मऊ धोतरावर सावलीत वाळवायचे. बोरमाळेला गरम पाणी लावायचं नाही, मण्यांच्या पोटात लाख असते. ठुशीला पाण्याचं बोटही नाही, दोरा कुजतो. चांदी वेगळ्या बटव्यात, सोबत कापराची वडी. आणि मोती कुठल्याच वासाजवळ ठेवायचा नाही, ना अत्तर ना डांबरगोळी. मोत्याला हवा लागते, म्हणून दर मंगळवारी नथ काढून ओलसर मलमलीनं पुसायची, पाच मिनिटं उघड्यावर ठेवायची आणि परत गुंडाळायची. ते काम आत्या मी आसपास नसताना स्वतःच करायच्या. ही नथ आत्यांच्या सासूची. सात मोती आणि मधे एक लाल खडा. या घरातल्या प्रत्येक नवरीच्या नाकात ती आत्यांनी स्वतःच्या हातानं घातली होती. माझ्यासुद्धा. डोळ्यांतून पाणी आलं होतं माझ्या, पण टोचलं म्हणून नव्हे, त्या बाईचा हात इतका हलका होता म्हणून.

आता सुरुवात कुठं झाली ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आत्या धारवाडला एका मुंजीला गेल्या होत्या आणि मी जुनी गादी पिंजायला दिली. त्यांना न विचारता. विचारायचं काय, गादीच ती. आत्या संध्याकाळी आल्या, रिकाम्या खाटेकडं बघितलं आणि मटकन खाली बसल्या. पाटल्या गादीत होत्या. यांनी स्कूटर काढली, पिंजाऱ्याकडं गेले. नशीब, गादी अजून उसवली नव्हती. पाटल्या कोपऱ्यात कापसात तशाच होत्या.

जेवताना हे म्हणाले, "आईचं वय झालं आता. एक दिवस सगळं असंच जाईल."

खरं तर आत्या काहीच विसरल्या नव्हत्या. पाटल्या कुठं आहेत हे त्यांना चोख ठाऊक होतं, म्हणून तर पाटल्या मिळाल्या. चूक माझी होती. पण मी मान खाली घालून भात कालवत राहिले, आणि "आई विसरली" ही गोष्ट आमच्या घरात त्या दिवशी पाटावर बसली ती उठलीच नाही. मला तेव्हा ती सोयीची वाटली, हे कबूल करायला हवं.

पुढच्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं, मार्गशीर्षात. तेव्हापासून मला नथेची धास्ती बसली. ती पन्नासातल्या कुठल्या डब्यात आहे? उद्या आत्यांचं काही बरंवाईट झालं तर? भांडी घासायला येणारी अक्का अळणावरकडच्या खेड्यातली, प्रामाणिक, पण तिनं घाईत एखादा रवा किडका म्हणून गाईला घातला तर? रोज नवा 'तर' सुचायचा. आषाढी अवसेला आत्यांनी दार लावलं तेव्हा मी परसात जाऊन खिडकीच्या फटीतून बघितलं. पंचावन्न वर्षांची बाई, कपडे वाळत घालायच्या दोरीआड उभी राहून सासूवर पाळत ठेवते. माझी मलाच लाज वाटली, पण डोळा काही हलवला नाही. नथ शेवयांच्या डब्यात गेली.

दुसऱ्या दिवशी आत्या देवळात गेल्या होत्या, तेव्हा मी ती काढून घेतली. शेवया पुन्हा नीट भरल्या, झाकण लावलं, आणि नथ माझ्या कपाटात मुलीच्या साखरपुड्याच्या शालूखाली ठेवली. संध्याकाळी सांगू असं ठरवलं होतं. संध्याकाळी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, सांगायचं तरी कशाला? नथ तर जपूनच ठेवलीय. मंगळवारचं माझ्या डोक्यातच राहिलं नाही.

मंगळवारी बाराच्या सुमाराला मी बाहेरच्या खोलीत लग्नाची यादी करत होते. आतून एक झाकण वाजलं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा तेच झाकण. त्यानंतर दुसरं, तिसरं. माझ्या हातातलं पेन थांबलं. पुढचा अर्धा तास मी त्या खुर्चीतून उठले नाही आणि डबे एकामागून एक उघडत गेले. मोरीतून अक्कानं विचारलं, "एन हुडकाकत्तीरी, अव्वा?" काय शोधताय? आत्या म्हणाल्या, "एनू इल्ल," काही नाही. आवाज अगदी साधा होता.

शेवटी मी आत गेले. फरशीभर ताटं, आणि ताटांत डाळींचे, रव्याचे, पोह्यांचे ढीग. मधोमध आत्या शेवयांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अंगठा कडेच्या खळग्यावर फिरवत होत्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाताला कळतंय की. ह्यातच ठेवली होती गं नथ."

हीच ती वेळ होती. 'मी काढली' एवढे दोन शब्द. तोंड उघडलंही मी. पण तेवढ्यात पुढच्या दारात स्कूटर थांबली, हे जेवायला आले, आणि मला दिसलं की आता यांच्यासमोर, अक्कासमोर, मी सासूच्या डब्यात हात घालणारी सून ठरणार. मी म्हणाले, "दुसऱ्या कुठल्या डब्यात असेल, आत्या."

"विसरली असशील, आई," हे म्हणाले. मग त्यांची नजर मोरीकडं वळली. अक्का उभी राहिली. हात साबणाचे, चेहरा एकदम उतरलेला. "नानेनु मुट्टिल्लरी," ती म्हणाली, मी कशाला हात लावला नाही.

आत्या ताडकन बोलल्या. "तिच्याकडं बघायचं नाही. चोर असता तर पाटल्या सोडून नुसती नथ नेली असती होय? आणि शेवया परत नीट भरून झाकण लावून गेला असता होय?" मग त्या थांबल्या. विचार पुढं सरकताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. घरात बाहेरचं कुणी आलं नाही. अक्कानं नेली नाही. सून तर घरचीच. राहिलं कोण? "माझंच काहीतरी बिघडलंय," त्या म्हणाल्या.

इतक्या सरळ हिशेबानं ती बाई चुकीच्या दारात जाऊन उभी राहिली. आणि तिला तिथं नेलं मी.

दुपारी मी नथ 'शोधून काढली'. माझ्या कपाटातून आणली, आत्यांच्या ट्रंकेतल्या जुन्या इरकल लुगड्याच्या घडीत सरकवली आणि मोठ्यानं म्हटलं, "सापडली, आत्या! तुमच्याच लुगड्यात आहे बघा." वाटलं, त्या हसतील, देवापुढं साखर ठेवतील आणि विषय मिटेल. त्यांनी नथ तळहातावर घेतली, नाकाजवळ नेली.

"हिला डांबरगोळीचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

माझ्या कपाटात गोळ्या होत्या. ट्रंकेत आत्या फक्त कडुलिंबाचा पाला आणि लवंगा ठेवतात, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक. "ट्रंकेत टाकल्या असतील तुम्ही कधीतरी," मी म्हणाले.

"मी नाही टाकत."

मी लुगड्याची घडी घालू लागले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नथेकडं, मग ट्रंकेकडं. "टाकल्या असतील," त्या हळूच म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस मी अजून विसरलेले नाही. वरून सगळं शांत होतं. आत्या उठायच्या, अंघोळ, देवपूजा, सगळं तसंच. पण आमटीत मीठ घालून झाल्यावर विचारायच्या, "घातलं का गं मी?" घातलेलं असायचं. गॅस बंद करून पुन्हा बघून यायच्या, पुन्हा जायच्या. शेजारणीला तिच्या नातवाचं नाव सांगताना अडखळायच्या, नाव बरोबर यायचं, तरी माझ्याकडं वळून "बरोबर ना?" म्हणायच्या. एकदा दुपारी चारला मला म्हणाल्या, "मी जेवले का?" मी म्हटलं, जेवलात की, वांग्याची भाजी होती. "हो, वांग्याचीच," त्या म्हणाल्या. "आठवतंय मला. पण आठवतंय म्हणजे खरंच असेल असं कुठंय?"

आम्ही त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तीन वस्तू सांगून थोड्या वेळानं परत विचारल्या. आत्यांनी सगळं बिनचूक सांगितलं. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानानं उत्तम आहे, उगाच घाबरल्या आहेत. मला वाटलं, सुटले. रिक्षात आत्या म्हणाल्या, "आज बरी होते मी. रोज असेन असं नाही." यांनी आईचा हात धरला आणि मी रस्त्याकडं तोंड केलं.

श्रावणातली अवस आली. दुपारी मी मुद्दाम परसात गेले, त्यांना मोकळीक मिळावी म्हणून. दार लागलं नाही. एकही झाकण वाजलं नाही. आत येऊन बघते तर आत्या फळीसमोर नुसत्या उभ्या होत्या. "राहू दे आहे तिथं," त्या म्हणाल्या. भादव्यातली अवसही तशीच गेली. दसऱ्याआधी रिठे मी भिजवले, पाटल्या मी घासल्या. त्या पाटावर बसून बघत होत्या, हात पदरात. नथ पुसायला मी त्यांच्यापुढं धरली तर अंग मागं घेतलं. "माझ्या हातात नको देऊस. लग्न होईपर्यंत तरी नको."

तेव्हा मी मनाशी ठरवलं. आता सांगायचंच. लग्नात पोरीला नथ घालायला त्यांचाच हात पाहिजे होता. पण खरं म्हणजे मला झोप लागत नव्हती, आणि त्या 'बरोबर ना?' म्हणाल्या की मला ओरडावंसं वाटायचं.

दसऱ्याला संध्याकाळी घरोघर बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटतात. अक्काही आली, आत्यांच्या हातात पानं ठेवून म्हणाली, "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोणरी." आपण म्हणतो तेच, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. ती गेल्यावर मी पानं घेऊन आत्यांच्या पाया पडले आणि तिथंच बसून राहिले. सगळं सांगितलं. परसातली खिडकी, शेवया, माझं कपाट, शालू, लुगड्याची घडी. डांबरगोळीसुद्धा आणून दाखवली. "तुम्ही काही विसरला नव्हता, आत्या. तुमचा हात बरोबर होता. मी खोटं बोलले."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच हलका हात.

"चांगली आहेस गं तू," त्या म्हणाल्या. "म्हातारीचं मन राखायला स्वतःवर घेतेस."

"नाही हो आत्या, देवाशपथ."

"शपथ नको घेऊस. अगं, मीही केलंय असं, माझ्या सासूसाठी. शेवटी शेवटी तिला काही आठवेना. मीच हरवलं, मीच सांडलं, असं म्हणायची मी." त्या हसल्या. "तू म्हणालीस लुगड्यात होती. इतकी वर्षं माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. तुझ्यापेक्षा माझ्या हातावर विश्वास ठेवू होय?"

मी रडले, हमसून रडले. त्यांना वाटलं, मला त्यांची काळजी वाटते म्हणून. त्याच मला थोपटत राहिल्या. नंतर उठून फळीपाशी गेल्या, एकेका डब्यातून सगळे बटवे काढले, एकही डबा न चुकता, आणि माझ्या ओटीत ठेवले. "आता तू ठेवत जा. कुठं ते मला सांगू नकोस. मला ठाऊकच नसलं म्हणजे हरवायची भीती नाही."

मी यांनाही सांगितलं. हे म्हणाले, "झालं ते झालं, आता उगाळून काय उपयोग? नथ आहे ना?" नथ आहे. मार्गशीर्षात मुलीच्या नाकात ती मी घातली. माझा हात जड, पोरगी दोनदा कळवळली. आत्या मागं खुर्चीवर बसून अक्षता मुठीत घट्ट धरून होत्या.

आता दर अवसेला जागा मी पालटते. लॉकर घेऊया म्हणून हे मागं लागलेत, पण मला अजून धीर होत नाही. दुपारी दार लावून मी फळीसमोर उभी राहते आणि पहिल्या झाकणाला हात लावते. बाहेरच्या खोलीत आत्या कन्नड मालिका बघत बसलेल्या असतात. मी झाकण उचलायच्या आधी त्या रिमोट घेतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात, इतका की भिंत थरथरते. कुठलं झाकण वाजलं ते त्यांना अजूनही अचूक कळतं, म्हणून. माझं काम होईपर्यंत त्या आवाज कमी करत नाहीत.